जुना गृहसंगणक, नवा जुळणीचा संगणक आणि आपला संगणककक्ष

ब्रिटन आणि अमेरिकेतील हौशी संगणकप्रेमींत एक वाद अनेक वर्षे चालू आहे. १९८० च्या दशकातील गृहसंगणक श्रेष्ठ, की आज एकेक भाग निवडून स्वतः जुळवलेला संगणक श्रेष्ठ? एका बाजूस सिंक्लेअर स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, बीबीसी मायक्रो अशी चाळिशी ओलांडलेली यंत्रे जिवापाड जपणारे लोक आहेत. पिवळे पडलेले प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने पुन्हा मूळ रंगावर आणण्यात त्यांचे रविवार जातात. दुसऱ्या बाजूस प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड यांची महिनोन्महिने पारख करून, काचेच्या भिंतीच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिव्यांसह आपले यंत्र उभे करणारे आहेत. पुष्कळदा या दोन्ही बाजूंना एकच माणूस असतो, ही त्यातील गंमत.

असा वाद रिकामपणाचा उद्योग वाटणे स्वाभाविक आहे. शाळेच्या स्मरणिकेत त्याला जागा कशासाठी, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की मुलांच्या हाती संगणक कसा द्यावा हा प्रश्न या वादाच्या पोटात दडलेला आहे. आपल्या संगणककक्षात जुनी यंत्रे काढून नवी बसवण्याचा विचार चालू असताना माजी विद्यार्थी आणि पालक यांनी तो मनावर घ्यावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आकड्यांचा हिशेब प्रथम उरकून टाकू. स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आला. त्याच्या मोठ्या प्रतीत ४८ किलोबाइट स्मृती होती आणि किंमत १७५ पौंड. पडदा म्हणून घरातला दूरचित्रवाणी संच आणि साठवणुकीसाठी गाण्यांचा कॅसेट रेकॉर्डर वापरावा लागे. एखादा खेळ कॅसेटवरून यंत्रात उतरेपर्यंत चार-पाच मिनिटे कर्कश किरकिर ऐकत बसावे लागे. आज जुळवलेल्या साध्या संगणकात १६ गिगाबाइट रॅम असते, म्हणजे स्पेक्ट्रमच्या सुमारे साडेतीन लाख पट. वेगाचे अंतर तर विचारूच नये. केवळ बळ पाहायचे तर सामना खेळण्यापूर्वीच संपलेला आहे. एक अपवाद मात्र नोंदवण्याजोगा आहे. कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत किती वेळ जातो, याची मोजणी २०१७ मध्ये एका अमेरिकी अभियंत्याने केली. तीत १९८३ च्या ॲपल टू-ई या यंत्राला सुमारे ३० मिलिसेकंद लागले आणि कितीतरी नवी, महागडी यंत्रे त्याच्या मागे पडली. जुन्या यंत्रात कळ आणि पडदा यांच्यामध्ये फारसे कोणी उभे नव्हते. नव्या यंत्रात मध्यस्थांची रांग आहे.

ही मध्यस्थांची रांगच आम्हांस महत्त्वाची वाटते. बीबीसी मायक्रोचे बटण दाबले की दोन सुरांचा एक छोटा आवाज होई आणि पडद्यावर यंत्राचे नाव, 'बेसिक' हा शब्द व त्याखाली एक बाणासारखे चिन्ह उमटे. कमोडोर ६४ 'रेडी' असे म्हणून थांबे. मुख्य चित्र नाही, खुणांच्या रांगा नाहीत, काय उघडायचे याची यादी नाही. तुम्ही काही सांगाल तर मी करीन, एवढेच यंत्र सुचवी. ज्याला काहीच सांगता येत नव्हते त्यालाही पहिली आज्ञा शिकावीच लागे. ती एकदा शिकली की दुसरी शिकण्याचा मोह होई. मासिकांत संपूर्ण कार्यक्रमांच्या आज्ञावली छापून येत. मुले त्या ओळीमागून ओळ टंकलिखित करीत. एखादा स्वल्पविराम चुकला की सगळे फसे, आणि तो स्वल्पविराम शोधता शोधता कार्यक्रमाची रचना कळू लागे. छापखान्याच्या चुकांनीही पुष्कळांना शिकवले असावे!

आणखी एक उदाहरण देतो. स्पेक्ट्रमच्या स्मृतीत पडद्यावरील चित्र १६३८४ या पत्त्यापासून सुरू होते आणि ६९१२ बाइटांत संपते. 'पोक १६३८४, २५५' अशी एक ओळ लिहिली की पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आठ ठिपक्यांची एक बारीक रेघ उमटते. एवढेच. पण ही रेघ ज्या मुलाने किंवा मुलीने एकदा उमटवली, तिला चित्र म्हणजे आकडे आहेत, आकडे ठराविक जागी राहतात आणि ती जागा आपल्याला ठाऊक आहे, या तीन गोष्टी कोणत्याही व्याख्यानाशिवाय कळल्या. संपूर्ण यंत्र एका माणसाच्या डोक्यात मावू शकत होते. आजच्या यंत्रात असे थेट स्मृतीत हात घालता येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम तो हात अडवते, आणि बँकेचे व्यवहार, खाजगी कागदपत्रे त्याच यंत्रावर असताना ती अडवते हे योग्यच आहे. सुरक्षिततेची ही किंमत आपण जाणूनबुजून मोजली आहे. मात्र ती शिकणाऱ्याच्या खिशातून गेली, हे विसरू नये.

आता जुन्या यंत्रांच्या भक्तांना न आवडणारी बाजू. 'स्वतः बांधलेला' हा मान ते आपल्याकडे ओढू पाहतात, आणि त्याला इतिहासाचा काही आधार आहे. अमेरिकेत १९७५ चा अल्टेअर ८८०० सुट्या भागांच्या संचात मिळे. सिंक्लेअरचा १९८० मधील झेडएक्स ८० संचरूपात ७९.९५ पौंडांना व तयार ९९.९५ पौंडांना होता, म्हणजे सोल्डरिंग हाताने केल्यास वीस पौंड वाचत. परंतु लाखोंनी खपलेले स्पेक्ट्रम आणि कमोडोर बंद पेटीतच घरी आले. त्यांत बदल करण्यास वाव थोडा होता आणि ती यंत्रे बिघडतही फार. स्पेक्ट्रमच्या काही स्मृतिचिपांना तीन निरनिराळे विद्युतदाब लागत. त्यांतला एक नाहीसा झाला की चिपा जळून जात. कमोडोर ६४ चा वीजपुरवठ्याचा ठोकळा म्हातारपणी दाब वाढवून स्वतःच्याच यंत्राचा घात करतो, म्हणून जाणकार लोक तो मुळी जोडतच नाहीत. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातील जुना कपॅसिटर फुटून खोलीभर धूर होणे ही तर त्या मंडळींत विनोदाची बाब झाली आहे.

याउलट जुळणीच्या संगणकात रॅमची पट्टी दोन मिनिटांत बदलता येते. एका कंपनीचा मदरबोर्ड, दुसरीचा एसएमपीएस, तिसरीचे कॅबिनेट, आणि सगळे स्क्रू एकमेकांच्या भोकांत बसतात. १९९५ मध्ये ठरलेले एटीएक्स हे माप आजही चालते. यंत्राचे अंतरंग कोणा एका कारखानदाराच्या मुठीत न ठेवता सर्वांसाठी खुल्या मापांवर उभे करणे, ही फार मोठी गोष्ट आहे. हौशी मंडळी दिव्यांच्या रंगाविषयी बोलतात आणि हिच्याविषयी बोलत नाहीत, हे आम्हांस नेहमी नवल वाटते.

येथे आपल्याकडील अनुभव त्यांच्याहून वेगळा पडतो. स्पेक्ट्रम किंवा कमोडोर महाराष्ट्रातील किती घरांत होते? हाताच्या बोटांवर मोजावेत इतक्या सुखवस्तू घरांखेरीज ते कोणाला दिसले नाहीत. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प काढून देशातील सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो पोचवले, हा आपला त्या यंत्राशी असलेला खरा धागा. बाकी आपल्या पिढीच्या घरी, सायबर कॅफेत किंवा क्लासमध्ये पहिला संगणक आला तो 'असेंबल्ड'. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणायचे, ओळखीच्या मुलाकडून जुळवून घ्यायचे, आणि नाममुद्रेचे पैसे वाचवायचे. तिकडे जुळणी ही हौस आहे. इकडे ती काटकसर होती, आणि त्या काटकसरीनेच संगणक कनिष्ठ मध्यमवर्गाच्या व कष्टकऱ्यांच्या घरात शिरला. तेव्हा स्पेक्ट्रमच्या आठवणींचे उमाळे आपण उसने आणू नयेत. आपला जुना संगणक म्हणजे अडगळीच्या खोलीत पडलेला तो मळकट पांढरा पेंटियमचा डबा होय.

गृहसंगणकाच्या सुवर्णकाळाविषयी बोलताना आणखी एक गोष्ट झाकली जाते. तो काळ मुख्यत्वे मुलग्यांचा होता. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत १९८४ च्या सुमारास स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांपर्यंत चढले होते. ते पुढे घसरत गेले. जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००२ मध्ये 'अनलॉकिंग द क्लबहाऊस' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात आढळते ते असे, की घरात संगणक आला तरी तो बहुधा मुलाच्या खोलीत ठेवला जाई, आणि बहीण असेल तर ती भावाच्या खांद्यावरून पाही. मग महाविद्यालयात 'मुलांना उपजतच कळते' असा समज होई. उपजत कसले, चार-पाच वर्षांचा सराव होता तो! घरातील यंत्र घरातील विषमता तशीच पुढे नेते. ती मोडण्याची संधी शाळेतील सामाईक यंत्राला असते, आणि निवासी शाळेला तर दुप्पट असते, कारण तेथे संध्याकाळचे तासही शाळेच्याच हाती असतात.

शाळेसाठी केलेले यंत्र किती दूर जाते याचा दाखलाही बीबीसी मायक्रोच देतो. ते घडवणाऱ्या केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीतील सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे नव्या प्रोसेसरची आखणी केली. १९८५ मध्ये चालू झालेला तो पहिला आर्म प्रोसेसर. आज आपल्या खिशातील जवळजवळ प्रत्येक मोबाइल त्याच्या वंशातला आहे. त्याच केंब्रिजमध्ये वीस वर्षांनंतर एबेन अप्टन यांच्या ध्यानात आले, की संगणकशास्त्रास येणाऱ्या विद्यार्थ्यांना पूर्वीसारखा हाताने प्रयोग केल्याचा अनुभव उरलेला नाही. त्यातून २०१२ मध्ये 'रास्पबेरी पाय' हा ३५ डॉलरचा उघडा फलक निघाला. त्याच्या प्रकारांना मॉडेल ए आणि मॉडेल बी ही नावे बीबीसी मायक्रोवरूनच दिली आहेत.

आता आपल्या संगणककक्षाकडे येतो. देणगीदारांची, आम्हीही त्यांत आलो, एक खोड आहे. नव्या यंत्रांच्या रांगेसमोर फीत कापल्याचे छायाचित्र हवे असते. पंचवीस नवी यंत्रे येतात, त्यांवर धूळरोधक आच्छादने चढतात आणि मुले त्यांवर चित्र रंगवणे व टंकलेखन शिकतात. चार वर्षांनी ती जुनी ठरतात आणि भंगारवाल्याकडे जातात. या सर्व काळात एकाही मुलाने किंवा मुलीने कॅबिनेटची बाजू काढून आत काय आहे ते पाहिलेले नसते. ते महाग असते ना, हात लावायचा नाही!

आमचा आग्रह असा आहे. नव्या यंत्रांस विरोध मुळीच नाही, ती यावीत. पण ती ब्रँडेड बंद पेट्यांपेक्षा जुळणीची असावीत, आणि त्यांतील निदान दोन यंत्रांची जुळणी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली करावी. जुन्यांपैकी चार यंत्रे भंगारात न देता एका टेबलावर कायमची उघडी ठेवावीत. रॅम काढून यंत्र सुरू केल्यास ते कसे ओरडते, पंखा थांबला तर काय होते, हे तेथे अनुभवता यावे. एसएमपीएस मात्र कोणीही उघडू नये, कारण वीज काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहतो. टेबलावर हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. पाचवी-सहावीसाठी पहिले सत्र पडद्यावर केवळ आज्ञेची वाट पाहणारे चिन्ह असावे. स्पेक्ट्रमची नक्कल करणारी प्रणाली विनामूल्य मिळते, ती रेघ आपल्या मुलांनाही उमटवता येईल. परदेशातून जुने यंत्र विकत आणण्याची गरज नाही. संग्राहकांनी त्यांच्या किमती भलत्याच चढवून ठेवल्या आहेत.

टेबलावरील पाळ्यांची वही असावी आणि तीत मुलींची नावे प्रत्येक दिवशी निम्मी असावीत. 'ज्याला येते त्याने करावे' अशी मोकळीक ठेवली तर दोन आठवड्यांत ते टेबल तीन-चार धीट मुलग्यांचे होऊन बसेल.

खर्च म्हणाल तर स्क्रूड्रायव्हरचे दोन संच, वीजभार हाताने चिपांवर न जाऊ देणारे मनगटपट्टे, एक मल्टिमीटर आणि जुन्या बाजारातून आणलेल्या रॅमच्या काही पट्ट्या. ही रक्कम एका नव्या संगणकाच्या किमतीपेक्षा पुष्कळ कमी भरेल, आणि ती उभी करण्याची जबाबदारी माजी विद्यार्थ्यांनी घ्यावी. शाळेकडे आमची विनंती एवढीच आहे, की भांडारातील जुनी यंत्रे यंदा विक्रीस काढण्यापूर्वी त्यांची यादी करावी आणि कोणती चालू आहेत, कोणती नाहीत, हे पाहण्याचे काम नववीच्या वर्गास द्यावे.