एक एकर, एक घोडी आणि गावचे गायरान



मागच्या जिल्हा बैठकीत चाकणकडच्या एका तरुण कार्यकर्त्याने उभे राहून विचारले, "दीड एकर उरलंय. त्यात घोडी सांभाळायचीय. चाऱ्याचं कसं करू?" सभेत हशा पिकला. कापूसवाले हसले, ज्वारीवाले हसले. इथे सोसायटीचे हप्ते थकलेत आणि याला घोडी सुचते! हसण्यात आम्हीही होतो. पण घरी परतताना लक्षात आले की त्या पोराने विचारलेला प्रश्न उद्या हसणाऱ्यांच्याही दाराशी येणार आहे. जमीन कमी झाली, गायरान उरले नाही, आणि जनावर मात्र दावणीला आहे. घोडीच्या जागी बैलजोडी धरा, प्रश्न तोच राहतो.

आधी घोडी कशाला, ते सांगतो. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या भागात बैलगाड्याच्या घाटात बैलांपुढे घोडी पळवण्याची रीत आहे. ज्याचा गाडा, त्याच्या दारात घोडी. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, तेव्हा दावणी मोकळ्या झाल्या. 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, 18 मे 2023 ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, आणि लोक पुन्हा सारंगखेड्याच्या, माळेगावच्या बाजारात घोड्या बघू लागले. मधल्या वर्षांत जनावर गेले तसे गवतही गेले. जनावर बाजारात विकत मिळते, गायरान मिळत नाही.

दुसरी घोडी धनगरांची. मेंढरांच्या वाड्यामागे बिऱ्हाड वाहणारे ते बुटके, काटक तट्टू म्हणजे भीमथडी. जानेवारी 2024 मध्ये त्याला स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली. 2023 पासून जे आपले राज्यगीत आहे, त्यातही भीमथडीच्या तट्टांचे नाव आहे. गाण्यात मान मिळाला, नोंदवहीत मान मिळाला. आता ते तट्टू पुणे-नाशिक रस्त्याने जाताना कुठे तोंड घालते ते बघा. कारखान्याच्या भिंतीला लागून जे हिरवे दिसते ते गाजरगवत. हे गवत देशात पहिल्यांदा पुण्यातच, 1955 च्या सुमारास नजरेत आले आणि उघड्या पडलेल्या प्रत्येक रानात घुसले. घोडी ते हुंगते आणि पुढे जाते.

पिंपरी-चिंचवडची शेती आमच्या वडिलांच्या पिढीने जाताना पाहिली. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी, वासुली, भांबोली यांची पाळी आमच्या डोळ्यांदेखत आली. काहींना पैसे मिळाले, काहींचे खटल्यात गेले, ती कथा वेगळी. आज तिथे ज्याच्याकडे एक-दीड एकर आहे त्याने काय करावे, एवढेच इथे बघू.

हिशेब मांडू. 300 किलोच्या घोडीला दिवसाला साडेसहा किलो सुका चारा धरा, वर्षाला साधारण 24 क्विंटल. मोकाट चरलेल्या मुरमाड गायरानात एकरी तीन क्विंटल सुके गवत निघाले तर नशीब. त्यातले निम्मे रानात ठेवले नाही तर मुळे मरतात, म्हणजे हाती येते दीड. हेच रान पावसाळ्यात बंद ठेवले, मारवेल किंवा पवन्याचे ठोंब लावले, स्टायलोचे बी टाकले, तर दोन-तीन वर्षांत एकरी 14 क्विंटलपर्यंत जाते, आणि निम्मे ठेवून सात हाती येतात. सात क्विंटलवर घोडीचे साडेतीन महिने निघतात. मोकाट रानात तेवढ्याच गवताला साडेचार-पाच एकर लागतील. उरलेले 17 क्विंटल शाळूच्या कडब्यातून काढावे लागतात, म्हणजे कोरडवाहू दीड एकराचा कडबा. दीड एकरच नावावर असेल तर गवत आणि शाळू दोन्ही त्यात बसत नाही. अर्धा कडबा विकत घ्यावा लागणार. त्या पोराला आम्ही हे स्पष्ट सांगितले. घोडी खर्चाची आहे. शौक करायचा तर आकडा माहीत असावा.

गवताचे नुकसान मात्र थांबवता येते. गाईला वरचे पुढचे दात नसतात, ती जिभेने गवत ओढून खाते, बुडखा राहतो. घोडीला वरखाली दोन्हीकडे दात. ती मातीलगत कातरते, आणि गोड लागले तिथेच रोज परत येते. जिथे लीद टाकते तिथे तोंड लावत नाही. म्हणून घोडीच्या रानात वर्षभरात एकीकडे टक्कल पडते आणि एकीकडे जून गवताचे पुंजके उभे राहतात. मोकळे सोडून हे थांबत नाही. जुन्या लोकांची मेख आणि दोरी हाच उपाय. साडेअठरा फुटांच्या दोरीने घोडी बरोबर एक गुंठा फिरते. तिथे दोन दिवस, मग मेख पुढे. एकरात अशा तीसएक जागा बसतात, म्हणजे पहिल्या जागेवर ती परत येईस्तोवर 60 दिवसांची विश्रांती झाली. पोळ्यापर्यंत रानात घालू नका, आणि एक कोपरा दसऱ्यापर्यंत बी पडायला राखा. दोरी म्होरकीला बांधा, पायाला नको. सावली आणि पाणी जवळ हवे. लीद उचलून उकिरड्यावर टाका. घोडीमागून बैल किंवा मेंढरे फिरवली तर तिने सोडलेले पुंजके ती खातात, आणि घोडीचे जंत त्यांच्या पोटात जगत नाहीत. धनगराचा वाडा रानात बसवणारे आपले आजे हे शेणखतासाठी करत, पण त्यात हाही फायदा होता.

आता आमची चूक. कृषी पदवी घेऊन आलो तेव्हा संकरित नेपियर म्हणजे सगळ्या चारा-दुखण्यांवरचे औषध असे आम्ही गावोगाव सांगत होतो. एका गाडेवाल्याने ऐकले, बांधाला नेपियर लावले आणि घोडीला वर्षभर तेच घातले. घोडी मागच्या पायाने लंगडू लागली, मग जबड्याची हाडे फुगली. नेपियर आणि अंजन गवतात ऑक्झॅलेट जास्त असते. गाईच्या कोठीपोटात त्याचा बराच भाग मोडतो. घोडीच्या पोटात मात्र ते चाऱ्यातला चुना अडवते, आणि मग शरीर तो हाडांतून ओढते. गाईचे शास्त्र आम्ही घोडीला लावले होते. त्या माणसाने आम्हाला बोल लावला नाही, म्हणून ते जास्त लागले. नेपियर असेल तर थोडे घाला, जोडीला लसूणघास आणि जनावरांच्या डॉक्टरला विचारून चुन्याचे मिश्रण द्या.

ज्वारीवाल्यांना किराळ सांगायला नको. कोवळ्या पोंग्यावर आणि कापणीनंतरच्या फुटव्यावर बैल मरतो हे घरोघर माहीत आहे. घोडी हिरव्या ज्वारीवर बरेच दिवस राहिली तर तिची लघवी बिघडते आणि मागचा भाग लुळा पडतो. वाळलेला कडबा चालतो, पण कुट्टी करून, भिजवून, आणि दिवसाला 25-30 लिटर पाणी पाजून. नाहीतर पोटशूळ ठरलेला. बुरशी आलेला कडबा किंवा मका घालू नका. आणि चाकणकडे शेजारी पोल्ट्री असते, तिथले उरलेले खाद्य स्वस्तात मिळते म्हणून घोडीपुढे टाकू नका. त्यात मोनेन्सिन असेल तर घोडी वाचत नाही.

आता गायरानाकडे. दीड एकरवाल्याची घोडी, बैल, शेळी शेवटी त्यावरच टिकते. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 22 खाली गायरान चराईसाठी नेमून दिलेले असते, आणि कलम 23 प्रमाणे चराईचा हक्क त्या गावच्या जनावरांना आहे. घोडा गुरांत धरतात का, असे एका तलाठ्याने आम्हाला विचारले होते. 1871 च्या कोंडवाड्याच्या कायद्यात घोडी दंडासाठी गुरांत धरली जाते, भाऊसाहेब! दंडाला गुरे आणि चराईला नाही, हा कुठला न्याय? 28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी वाचवण्याचा आदेश दिला. 2017 साली संहितेत 22-अ कलम आले आणि गायरान दुसरीकडे वळवायला बंदी झाली. सार्वजनिक प्रकल्पांसाठी वाट मात्र ठेवलीच आहे.

त्या वाटेने काय जाते ते आम्ही पाहिले आहे. मोजणीला माणसे येतात तेव्हा त्यांना टक्कल पडलेला माळ दिसतो, ते "पडीक" लिहून जातात, आणि गावकऱ्यांच्या तोंडी सांगण्याला किंमत राहत नाही. तेच रान चार भागांत वाटलेले, एक भाग बंद, एकात जनावरे, कडेला दगडी ताल, ग्रामसभेच्या वहीत चराईच्या पाळ्या आणि गवत कापणीचा लिलाव नोंदलेला असेल तर पडीक लिहिणे अवघड जाते. त्याने गायरान नक्की वाचेल असे आम्ही म्हणत नाही. पण भांडायला कागद तरी हातात राहतो. यवतमाळ, परभणी, बीडच्या मंडळींना वाटेल, आमच्याकडे कुठे आलेत कारखाने? चाकणलाही पूर्वी असेच म्हणत.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या गायरानाचा सातबारा काढून आणावा. क्षेत्र किती, इतर हक्कांत काय लिहिले आहे, गेल्या 20 वर्षांत कोणकोणते फेरफार झाले, एवढे तपासून या. मारवेलचे ठोंब हवे असतील तर पाऊस लागण्याआधी कार्यकर्त्यांकडे नाव नोंदवा. आणि चाकणच्या त्या पोराची घोडी कोणी बघायला जाणार असेल तर जाताना साडेअठरा फूट दोरी घेऊन जा, त्याची बारा फुटांचीच आहे.