पाठभेदाला जागा हवी

नरवेलच्या (जि. बुलढाणा) वि. भि. कोलते यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. असा ग्रंथ आज छापील प्रत, ई-पुस्तक आणि संकेतस्थळ या तिन्हींसाठी सिद्ध करायचा, तर सोपी म्हणून मार्कडाउन ही चिन्हांकन-भाषा घ्यावी, असे आपलेच काही प्राध्यापक म्हणतात. हे अमान्य! २००४ सालच्या या भाषेत शीर्षकाला खूण आहे, ठळक अक्षराला आहे, पाठभेदाला नाही. तो टीपेत कोंबला, की संगणकाच्या लेखी पाठभेद उरतच नाही. १९८७ साली आरंभलेल्या टीईआयमध्ये स्वीकृत पाठ आणि पाठभेद यांना स्वतंत्र खुणा आहेत. त्या एकाच संहितेतून तिन्ही रूपे काढता येतात. कष्ट अधिक, हे खरेच. पण हस्तलिखिते ताडून पाहणाऱ्यांच्या वारसांनी खुणा करण्याचा कंटाळा करावा काय?