अंगणे गेली, अंगे वाढली

श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी पूर्णेचे जल कावडीने खांद्यावर वाहत तरुण गांधीग्रामहून पायी येतात व जुन्या शहरातील राजराजेश्वरास अभिषेक करतात. त्याच जुन्या शहरातील दहा वर्षांचे मूल मात्र हाकेच्या अंतरावरील शिकवणीस ऑटोरिक्षाने जाते! त्यास आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. वाडे पडले तशी अंगणे गेली. गल्ल्या दुचाक्यांनी व्यापल्या. वैशाखात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी मूल बाहेर धाडणार कोण? उरली सायंकाळ, ती शिकवणीने घेतली. भरीस वेफर्सची पुडी, आणि वर ‘खात्यापित्या घरचा’ हे आजीचे कौतुक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३.४ झाले. आकडा लहान खरा, परंतु त्याची दिशा चिंताजनक आहे. २०१७ साली शासनाने शालेय उपाहारगृहांत असल्या पदार्थांस मनाई केली; फाटकाबाहेरच्या टपरीचे काय? पालकांस उपदेश पुष्कळ झाला. महापालिकेने आपल्या शाळांची पटांगणे रोज सायंकाळी दोन तास वस्तीतील सर्व मुलांस खेळावयास खुली करावीत, एवढीच आमची मागणी आहे.