तीन सिस्टर, २१ पाळ्या

सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर वसकन अंगावर येतात, हाक मारली तरी लवकर येत नाहीत, ही तक्रार आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जानेफळपासून मेहकरपर्यंत कुठेही ऐकू येईल. कारणही लोकांनी ठरवून टाकलेलं असतं: आताच्या मुलींत सेवाभाव उरला नाही. तक्रार खरी आहे. कळा देणाऱ्या बाईवर ओरडणं अक्षम्यच. पण सांगितलं जाणारं कारण साफ चुकीचं आहे.

हिशेब करून बघा. चोवीस तास बाळंतपणं करणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राला २०१२च्या केंद्रीय मानकांनी किमान तीन परिचारिका दिल्या. महिन्याला वीस किंवा जास्त बाळंतपणं असतील तर चार. आठवड्याच्या पाळ्या २१. प्रत्येकीला एक सुट्टी दिली, तर तिघी मिळून १८ पाळ्या भरतात. उरलेल्या तीन त्यांच्यातलीच कुणीतरी सलग दुसरी ड्युटी करून भरते. तेही कुणी आजारी नाही, कुणी प्रशिक्षणाला गेलेली नाही असं धरून. एक जागा रिकामी राहिली की दोघींच्या माथी २१.

आता पाळीवर एकटीच असलेल्या सिस्टरची रात्र. एक बाई कळा देतेय, तिच्या बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने मोजायचे. दुसरी नुकती बाळंत झालेली. पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी तिचा रक्तस्राव, नाडी, रक्तदाब बघायचा, गर्भाशय आकसलंय का ते चाचपायचं. तेवढ्यात साप चावलेला माणूस दारात. बाळंतिणीचं अंगावर जाणं अशाच न बघितलेल्या अर्ध्या तासात हाताबाहेर जातं. तिला मेहकरला पाठवताना सिस्टर सोबत गेली तर कळा देणारी कुणाच्या भरवशावर? आणि सकाळी रजिस्टरं, पोर्टलवरच्या नोंदी आहेतच. इथे सेवाभाव कितीही असला तरी एक बाई दोन खाटांपाशी उभी राहू शकत नाही.

‘दोषींवर कडक कारवाई करा, आपोआप सुधारतील,’ असंही म्हणतात. केली की! ९ जानेवारी २०२१ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा बाळं गेली, परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत अकरा रुग्ण दगावले, तीन परिचारिकांना अटक झाली. २०२३च्या ऑक्टोबरात नांदेडमध्ये २४ तासांत २४ मृत्यूंची बातमी आली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि चर्चा पुन्हा रिक्त पदांवरच आली.

मनुष्यबळाने जीव वाचतात, याला पुरावा आहे. अमेरिकेत संशोधक लिंडा एकेन यांच्या २००२च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की महिनाभरात दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी जास्त दिसली. कॅलिफोर्नियाने २००४पासून हे प्रमाण कायद्याने बांधून घेतलं.

गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना जानेफळला येते, तेव्हा किती पानं उठतील याचा अंदाज आधी बांधला जातो आणि वर चार पानं जास्तच धरली जातात. परिचारिकांच्या पदांनाही असाच रजा-राखीव कोटा असायला हवा. पदं खाटा मोजून नव्हे, पाळ्या मोजून मंजूर करा. ती कायमस्वरूपी भरा, अकरा महिन्यांच्या करारावर नको. पोर्टलचं काम वेगळ्या माणसाला द्या. आणि रुग्ण कल्याण समितीने दर महिन्याला ड्युटीचा तक्ता मागवून, सलग दुसऱ्या पाळीवर कोण कितीदा होतं ते गावासमोर वाचून दाखवावं.