मेंदूच्या नसांत शिरणारी ‘स्मार्ट’ तार: व्हिडिओ भारी, पण टेस्टचं काय?

चुंबकाच्या इशाऱ्यावर वळणारी एक बारीक तार आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं पारदर्शक मॉडेल. असा व्हिडिओ तुमच्या फीडमध्येही कधीतरी आला असेल. खाली कमेंट ठरलेली: ‘आता स्ट्रोकचं टेन्शन संपलं!’ मला हे तंत्रज्ञान मनापासून आवडतं. पण असा प्रत्येक व्हिडिओ बघताना मी एकच प्रश्न विचारतो: ही तार तपासली कशात?

आधी तार समजून घेऊ

स्ट्रोकमध्ये बऱ्याचदा मेंदूच्या धमनीत रक्ताची गुठळी अडकते. मोठी धमनी बंद झाली असेल तर डॉक्टर मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून गाईडवायर आत घालतात आणि एक्स-रे स्क्रीनवर बघत ती मेंदूपर्यंत नेतात. तिच्यावरून कॅथेटर, म्हणजे पोकळ नळी, सरकवतात आणि गुठळी बाहेर काढतात. ही झाली थ्रॉम्बेक्टॉमी. 2015 मध्ये आलेल्या पाच मोठ्या चाचण्यांनी तिचा फायदा पक्का केला.

मेंदूसाठीची तार साधारण 0.36 मिलिमीटर जाड असते. बाहेरचं टोक बोटांनी पिळायचं आणि आतलं टोक वळवायचं. जोर जास्त झाला तर धमनीला भोक पडून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. तार अडली तर वेळ जातो, आणि मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे.

एमआयटीने काय केलं?

अमेरिकेतल्या एमआयटीच्या शुआन्हे झाओ यांच्या टीमने 2019 मध्ये एक वेगळी तार दाखवली. आत निकेल-टायटॅनियमचा लवचिक गाभा, त्यावर चुंबकीय कण मिसळलेला रबरासारखा थर आणि सगळ्यात वर पाण्याने बुळबुळीत राहणारं हायड्रोजेल. टेस्ट झाली ती खऱ्या रुग्णाच्या स्कॅनवरून बनवलेल्या सिलिकॉन मॉडेलमध्ये. 2022 मध्ये त्याच टीमने रोबोटिक हाताला चुंबक लावून जॉयस्टिकने तार फिरवून दाखवली.

यावेळी जिवंत प्राण्यावरही टेस्ट झाली, पण मेंदूत नाही. डुकराच्या पुढच्या पायातल्या धमनीत. का? डुकराच्या मेंदूकडे जाणारी मुख्य धमनी वाटेतच बारीक वाहिन्यांच्या जाळीत विभागते, त्यामुळे तार पुढे जातच नाही. म्हणजे सिलिकॉनमध्ये आकार माणसाचा मिळतो पण जिवंतपणा नाही, आणि डुकरात जिवंतपणा मिळतो पण मेंदूची वळणं नाहीत. अशा तारांच्या टेस्टिंगची खरी अडचण ही आहे.

कंटाळवाण्या टेस्ट जास्त महत्त्वाच्या

अमेरिकेच्या एफडीएने 2019 मध्ये गाईडवायरच्या चाचण्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. तार ओढल्यावर किती ताणाला तुटते? दुमडते का? बाहेर एक फेरा दिला तर आतलं टोक किती फिरतं? गंजते का? एक्स-रेमध्ये दिसते का? आणि वरचा थर सुटतो का? हा शेवटचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. सुटलेला कण रक्तातून पुढे गेला तर तोच नवीन अडथळा बनू शकतो. एफडीएने 2015 मध्ये याच थर सुटण्याबद्दल डॉक्टरांना सावध केलं होतं.

या टेस्टचा कोणी रील बनवत नाही. पण पेशंटचा जीव यांच्यावरच अवलंबून असतो.

माझं मत

अमेरिकेत नव्या गाईडवायर बहुतेकदा ‘बाजारात असलेल्या तारेसारखीच आहे’ हे दाखवून मंजूर होतात. त्यासाठी माणसांवर मोठी चाचणी लागतेच असं नाही. साध्या तारेत थोडा बदल केला असेल तर हे चालून जातं. पण चुंबक, रोबोट आणि सॉफ्टवेअर आलं की ती ‘तशीच तार’ कुठे राहिली? कमांड अर्धा सेकंद उशिरा पोचली तर काय? चालू केसमध्ये रोबोट बंद पडला तर डॉक्टर ती तार हाताने पुढे चालवू शकतील का? याची उत्तरं सिलिकॉनमध्ये अर्धीच मिळतात. माणसांवरच्या, टप्प्याटप्प्याने केलेल्या चाचण्या हव्यातच.

उशीर होईल, मान्य. आणि उशिराची किंमतही खरी आहे: असे उपचार करणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेत, आणि दूरवरून चालणारी तार उद्या तालुक्याच्या पेशंटला वाचवू शकते. पण घाईत आलेलं एक खराब उपकरण पेशंटचा जीव घेईल आणि लोकांचा भरवसाही.

म्हणून पुढचा व्हिडिओ शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा: टेस्ट मॉडेलमध्ये झाली, प्राण्यात की माणसात? तुलना कशाशी केली? आणि काय बिघडलं ते सांगितलंय का?

आणि तोपर्यंत? घरात कोणाचा चेहरा अचानक वाकडा झाला, हात उचलेना किंवा बोलणं अडखळलं, तर लगेच 108 ला फोन करा. शेवटचं नीट कधी दिसले होते, ती वेळ लिहून ठेवा. कुठलीही तार आली तरी डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारणार आहेत.