चेहऱ्यावरील केसांची थट्टा आणि राहून जाणारी तपासणी

एप्रिल २०२४ मध्ये उत्तर प्रदेश मंडळाचा दहावीचा निकाल लागला. ९८.५ टक्के गुण मिळवून राज्यात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीचे छायाचित्र झळकले आणि समाजमाध्यमांवर चर्चा रंगली ती तिच्या चेहऱ्यावरील केसांची. अनेकांनी तिची बाजू घेतली, हेही खरे. मात्र त्या गदारोळात मूळ प्रश्न बाजूलाच राहिला: असे केस येतात कशामुळे?

प्रजननक्षम वयातील साधारण ५ ते १० टक्के स्त्रियांच्या ओठांवर, हनुवटीवर वा छातीवर पुरुषांप्रमाणे राठ केस उगवतात. वैद्यकशास्त्र याला 'हर्सुटिझम' म्हणते. पुरुषी मानली जाणारी अँड्रोजेन संप्रेरके प्रत्येक स्त्रीच्या शरीरात अल्प प्रमाणात असतातच. त्यांचे प्रमाण वाढले, किंवा केसांची मुळे त्यांना अधिक संवेदनशील असली, की मऊ लवेचे राठ केस होतात. पाळी नियमित, संप्रेरकेही योग्य प्रमाणात आणि तरीही केस, अशा स्त्रियाही आहेत. तेथे आनुवंशिकतेचा वाटा असतो.

बहुसंख्य प्रकरणांत मात्र मूळ कारण 'पीसीओएस' हा अंडाशयाशी निगडित विकार असतो. अनियमित पाळी, मुरुमे, वाढते वजन ही त्याची सोबतची लक्षणे. पुढे वंध्यत्व आणि मधुमेहाचा धोकाही संभवतो. किशोरवयात पहिली काही वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक असल्याने निदान घाईने करून चालत नाही. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींचे विकार किंवा गाठ ही कारणे विरळा. पण काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर तपासणीस विलंब नको.

एक कारण तर थेट बाजारातून येते. गोरेपणासाठी चेहऱ्याला महिनोन्‌महिने चोळल्या जाणाऱ्या स्टेरॉइडयुक्त मलमांनी त्वचा पातळ होते आणि तेथील लवही वाढते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी बंधनकारक केली. तरीही ती चिठ्ठीविना सहज हाती पडतात. औषध दुकानांवरील देखरेखीचा हा प्रश्न प्रशासनाचा आहे.

थट्टेचे खरे नुकसान येथे दिसते. लाजेपोटी मुलगी आधी पार्लर गाठते, इस्पितळ नव्हे. केस काढण्यात गैर काही नाही. वस्तऱ्याने ते अधिक दाट होतात, हा समजही निराधार आहे. परंतु केस काढल्याने पाळीची तक्रार वा रक्तातील वाढती साखर थांबत नाही. औषधोपचारांचा परिणाम दिसण्यासही सुमारे सहा महिने लागतात. तेवढा धीर कुटुंबाच्या आधाराशिवाय टिकत नाही. केस ठेवायचे की काढायचे, हे तिचे तिने ठरवावे. पाळी नियमित आहे का, एवढी विचारपूस मात्र घरातून आणि शाळेतील आरोग्य तपासणीतून वेळेवर व्हायला हवी.