लग्नाच्या शूटिंगला हलका मिररलेस घ्यावा की फुल फ्रेम? गोरज मुहूर्तावर ठरतं उत्तर

परभणी तालुक्यातलं पेडगाव घ्या (म्हणीतलं पेडगाव हे नव्हे, ते श्रीगोंद्याकडचं, भीमेकाठचं). इथे किंवा अशाच कुठल्याही गावात लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या पोरासमोर सध्या एकच प्रश्न आहे. जुना डीएसएलआर थकलाय, आणि नवा डीएसएलआर घेण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. २०२० मध्ये जगभरात डीएसएलआरपेक्षा मिररलेस कॅमेऱ्यांची विक्री जास्त झाली आणि नंतर हे अंतर वाढतच गेलं. म्हणजे मिररलेस घ्यायचा हे ठरलं. पण कोणता?

व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर तयारच असतं : फुल फ्रेम घे, हप्त्यावर घे, पण फुल फ्रेमच घे. हे कितपत खरं?

फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ चा. क्षेत्रफळ काढलं तर मोठा सेन्सर लहानाच्या सव्वादोन पटींहून थोडा जास्त भरतो. तेवढाच जास्त प्रकाश तो गोळा करतो. सकाळच्या हळदीला, उन्हात, याने काहीच बिघडत नाही. दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर नवरीच्या आईलाच काय, फोटोग्राफरलाही ओळखता येणार नाही.

खरी परीक्षा गोरज मुहूर्ताला. सूर्य बुडालेला, मांडवात रंगीत एलईडी, आणि अक्षता उडताना शटर मंद ठेवता येत नाही. अशा वेळी आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे दिसू लागतात. लहान सेन्सरवर ३२०० आयएसओला जेवढे दाणे, तेवढे फुल फ्रेमवर साधारण ७५०० ला. हा फरक खरा आहे, नाकारण्यात अर्थ नाही.

पण प्रकाश आधी लेन्समधून येतो. एफ २.८ च्या झूमऐवजी एफ १.४ ची लेन्स लावली की प्रकाश चौपट. म्हणजे १.४ लेन्स लावलेला एपीएस-सी हा २.८ झूम लावलेल्या फुल फ्रेमच्या पुढे जातो. सिग्माची ५६ एमएम एफ १.४ लेन्स तीनशे ग्रॅमच्या आत आहे. अर्थात फुल फ्रेमलाही अशी लेन्स लावली की तो पुन्हा पुढे. फक्त मग बॉडीवर सगळे पैसे संपवून चालत नाही, आणि बहुतेकांचं तिथेच घोडं अडतं.

आता वजन. सोनी ए७ फोर ६५८ ग्रॅम, त्यावर २४-७० जीएम टू ६९५. झाले साडेतेराशे ग्रॅम. उलट ए६७०० वर सिग्माची १८-५० लावली तर आठशेच्या आत. त्यात गिंबलचं वजन मिळवा आणि मोटारसायकलवरून दिवसात दोन लग्नं करणाऱ्याच्या मनगटाचा विचार करा. हल्ली ए७सी टूसारखी फुल फ्रेम बॉडीही ५१४ ग्रॅमची मिळते, पण काच काही लहान होत नाही. ७०-२०० जीएम टू एकटी किलोभर भरते.

फोटो शेवटी बघतात कुठे? रील १०८० बाय १९२० ची, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. अल्बमचं उघडलेलं पान १२ बाय ३६ इंच. त्याचं अर्धं पान एकाच फोटोने भरलं तरी इंचाला तीनशे ठिपक्यांच्या हिशेबाने साडेएकोणीस मेगापिक्सेल पुरतात. आजचे बरेच एपीएस-सी कॅमेरे २४-२६ मेगापिक्सेलचे आहेत.

मग लहान बॉडीत गमावतो काय? माझ्या मते फोटोचा दर्जा नव्हे, तर दुसरा कार्ड स्लॉट. ए६७०० आणि ए७सी टू दोन्हींत एकच कार्ड बसतं. कार्ड खराब झालं तर लग्न पुन्हा लावता येत नाही, आणि गावात पुढची ऑर्डरही मिळत नाही. ए७ फोरमध्ये एकच फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर साठवता येतो. दुसरी अडचण उन्हाची. परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, आणि लहान बॉडीतून उष्णता लवकर बाहेर पडत नाही. लांबलचक फोर-के रेकॉर्डिंगमध्ये कॅमेरा तापून बंद पडू शकतो. (मोठा कॅमेरा दिसला की पाहुणे आपोआप बाजूला होतात, हाही एक फायदा. तो कुठल्या तक्त्यात सापडणार नाही.)

त्यामुळे पहिलाच मिररलेस घेत असाल, तर दोन कार्डांचा एपीएस-सी बघा. फुजीफिल्मचा एक्स-टी५ तसा आहे, वजन ५५७ ग्रॅम. उरलेले पैसे दोन १.४ लेन्सवर घाला. निम्म्याहून जास्त ऑर्डरी गोरज मुहूर्ताच्या किंवा रात्रीच्या रिसेप्शनच्या असतील, तर मात्र दोन स्लॉटचा फुल फ्रेम घ्या आणि गळ्यातला पट्टा जरा रुंद घ्या. आणि एका लग्नसराईत हप्ते फिटणार नसतील, तर तोच कॅमेरा आधी दोन-तीन लग्नांना भाड्याने नेऊन बघा.